बेथेल : गावकुसाबाहेरच्यांचे गाव

जुन्या मराठी गावाच्या रचनेत एक रेघ स्पष्ट दिसे. ती रेघ म्हणजे गावकूस. गावकुसाच्या आत चावडी, पार, देऊळ आणि पाणवठा. पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे आणि शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार यांची घरे. गावकुसाबाहेर काही अंतरावर आणखी थोडी घरे असत. त्यांत राहणारी माणसेही त्याच गावची होती. वेशीची राखण महारांनी करावी आणि मोटेचा नाडा मातंगांनी वळावा, असा रिवाज होता. त्यांच्या श्रमांवाचून गावाचे पान हालत नसे. तथापि गावच्या विहिरीला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. ज्याच्या हातच्या दोराने पाणी वर येई, त्यालाच त्या पाण्याला शिवता येत नसे!

अशा माणसांना स्वतःचे गाव मिळाले तर? त्या गावात त्यांच्यासाठी गावकूस नसेल, तर? एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यात असा एक प्रयत्न झाला. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणण्याची रीत आहे. ही मोठी पेठ त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती आणि शहराजवळ लष्कराची छावणीही होती. याच जालन्याच्या परिसरात १८७० च्या सुमारास एक लहानसे गाव वसू लागले. त्याचे नाव बेथेल. प्रेसबिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचे ते गाव होते.

हे नाव मराठी नाही. ते हिब्रू भाषेतील आहे. त्याचा अर्थ देवाचे घर. बायबलात याकोबाची एक कथा आहे. घरातल्या कलहामुळे याकोबाला आपले घर सोडून पळावे लागते. वाटेत रात्र होते. निवारा नसतो, सोबत नसते. उशाला एक धोंडा घेऊन तो उघड्या माळावर झोपतो. झोपेत त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचलेली एक शिडी दिसते. जागा झाल्यावर त्याला वाटते की, ज्या जागेला आपण ओसाड समजलो, तेथेही देव आहे. म्हणून तो त्या जागेला बेथेल हे नाव देतो. घर हरवलेल्या माणसाला उघड्या माळावर सापडलेले घर, असा या नावामागचा भाव आहे. जालन्याजवळच्या गावाला तो किती शोभला, हे त्या गावाचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

त्या इतिहासाचा उगम दूर स्कॉटलंड देशात आहे. १५६० साली तेथे धर्मसुधारणा झाली आणि जॉन नॉक्स याच्या पुढाकाराने चर्चची नवी घडी बसू लागली. 'प्रेसबिटेरियन' हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ आहे वडील माणूस. या पंथात बिशप नसतो. मंडळी, म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी जमणारा समाज, आपल्यातूनच काही विश्वासू माणसे निवडते. त्यांना 'वडील' म्हणतात. उपदेश करणारा पाळक आणि हे वडील एकत्र बसून मंडळीचा कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांची मिळून एक वरची सभा आणि तिच्याही वर साऱ्या देशाची महासभा, अशी ही चढती मांडणी असते. आपल्याकडील ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची रचना ज्याला ठाऊक आहे, त्याला ती समजण्यास अवघड जाणार नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या व्यवस्थेत 'वडील' होण्यास वय, धन किंवा कुळ लागत नाही. मंडळीचा विश्वास लागतो.

स्कॉटलंडमधील मिशनऱ्यांनी १८२३ साली कोकणात बाणकोट येथे आपले काम सुरू केले. १८२९ साली जॉन विल्सन हे विद्वान धर्मोपदेशक मुंबईस आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून पुढे मुंबईचे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. पुण्यातही स्कॉटिश मिशनची शाळा होती. त्याच शाळेत जोतीराव फुले शिकले. विद्यार्थी शाळेत येत ते बहुधा इंग्रजी विद्येसाठी. परंतु विद्येच्या दारातून विचारही आत येतात, आणि एकदा आत आलेला विचार कोणते घर कसे बदलील, हे आधी सांगता येत नाही.

१८४३ हे साल या हकिकतीत दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. वादाचा मुद्दा साधा होता. गावच्या मंडळीचा पाळक कोणी ठरवायचा, बड्या जमीनदाराने की मंडळीने? मंडळीचाच हक्क खरा, असे मानणारे चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली वेतने आणि राहती घरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र 'फ्री चर्च' स्थापले. मुंबईच्या मिशनऱ्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. त्यांना आपल्या शाळेच्या इमारतीवर पाणी सोडावे लागले. जी माणसे महाराष्ट्रात समतेचा उपदेश करीत होती, त्यांना स्वतःच्या मतासाठी किंमत मोजण्याचा प्रसंग असा आला.

त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत त्यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पाळक रॉबर्ट नेस्बिट हे त्याचे गुरू होते. आज एखाद्याने धर्म बदलला, तर ती त्याची स्वतःची बाब आहे असे आपले संविधान मानते. त्या काळी ती साऱ्या घराची बाब होती. धर्म सोडणारा माणूस घराच्या पंक्तीला मुकत असे. त्याचा वारसाहक्कही धोक्यात येई; तो राखणारा कायदा १८५० साली झाला. नारायणाच्या मागे आई-वडिलांच्या घरात जे दुःख उरले असेल, त्याची कल्पना करणे कठीण नाही. इतिहास वाचताना जाणाऱ्याच्या धैर्याकडे पाहावे, त्याचबरोबर मागे राहिलेल्यांच्या अश्रूंकडेही पाहावे. दोन्ही खरी असतात.

या प्रसंगात आणखी एक मूल सापडले. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता. तो त्या वेळी सुमारे बारा वर्षांचा होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण खरा प्रश्न येथूनच सुरू झाला. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. म्हणून त्याला जातीत परत घेऊ नये, असे अनेक सनातनी मंडळींनी ठरविले. ज्या मुलाला कोर्टाने घरी पाठविले, त्याला घराचा उंबरठा ओलांडू द्यावा की नाही, यावर मुंबईत मोठमोठे लोक वाद घालू लागले!

या वेळी एक थोर पुरुष श्रीपतच्या बाजूने उभा राहिला. ते म्हणजे 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर. बाळशास्त्री स्वतः धर्मांतराच्या बाजूचे नव्हते. तथापि मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा आपल्यात घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यासाठी पुढाकार घेतला. त्याबद्दल त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. थोरला भाऊ एका दाराने बाहेर पडला आणि धाकट्याला त्याच दाराने आत येण्यासाठी झगडावे लागले. दार कोणाचे, ते उघडावयाचे कोणी आणि कोणासाठी, हा प्रश्न नारायण शेषाद्रींच्या आयुष्याला असा तारुण्यातच येऊन भिडला. त्यांचे पुढील सारे काम याच प्रश्नाचे उत्तर होते असे म्हणता येईल.

नारायण शेषाद्री यांना १८५४ साली धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्यास आपले कार्य सुरू केले. मुंबईसारख्या शहरात मिशनरी प्रामुख्याने वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना उद्देशून बोलत. जालन्याच्या आसपास चित्र पालटले. येथे त्यांच्याकडे येऊ लागली ती मुख्यतः मातंग आणि महार समाजांतील माणसे. ती माणसे कोणत्या स्थितीत जगत होती, याची साक्ष त्यांच्यातीलच एका मुलीने देऊन ठेवली आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या शाळकरी मुलीने विचारला होता. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीही मनाई होती, त्यांनी हा प्रश्न विचारावा, यात आश्चर्य ते काय?

जालन्याजवळ जे लोक नव्या मंडळीत आले, त्यांनी या प्रश्नाचे आपल्यापुरते एक उत्तर दिले. पण उत्तर देऊन पोट भरत नाही. गावात राहून ज्याने आपला पारंपरिक धर्म सोडला, त्याचे गावकीचे काम सुटे, हक्काचे बलुते थांबे आणि आसराही डळमळीत होई. उपदेश ऐकून माणूस घरी परततो; परंतु परतण्यास घरच नसेल तर उपदेशाचा काय उपयोग? नारायण शेषाद्रींनी ही अडचण ओळखली. या माणसांना प्रार्थनामंदिर हवे. परंतु त्याहून आधी पायाखाली जमीन हवी, हे त्यांना दिसले.

त्या वेळी हैदराबाद संस्थानाचे दिवाण सर सालारजंग होते. राज्याच्या कारभाराला नवे वळण लावणारा मुत्सद्दी म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून नारायण शेषाद्रींना नव्या वसाहतीसाठी जमीन मिळाली. हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. जमीन देणारा दिवाण मुसलमान, मागणारा ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, त्याच्या पाठीशी उभी असलेली मंडळी स्कॉटलंडची, आणि जमिनीवर राहावयास येणारी माणसे मातंग व महार! दख्खनच्या भूमीवर किती निरनिराळ्या वाटा एकमेकींना मिळाल्या आहेत, हे अशा एका लहान गावाच्या जन्मकथेतूनही दिसते.

बेथेल असे वसले. राहावयास घरे, कसावयास शेते, मुलांसाठी शाळा आणि सर्वांसाठी प्रार्थनामंदिर, अशी त्या गावाची मांडणी होती. मोठ्या शहरांत उंच मनोऱ्यांची चर्च पुष्कळ आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी ती बांधलेली असत. बेथेलचे मंदिर त्याच भूमीत राबणाऱ्या माणसांचे होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले, ती माणसे तेथे आत जाऊन बसत. उपासना मराठीत होई. कळीचा शब्दही मराठीच होता, मंडळी. जेवावयास बसलेल्या पाहुण्यांना आपण मंडळी म्हणतो, वारीला निघालेल्यांना मंडळी म्हणतो. मराठी ख्रिस्ती समाजाने चर्च या संस्थेसाठी हाच घरगुती शब्द निवडला. मंडळी म्हटले की तीत पंक्तिभेद उरत नाही.

आता त्या 'वडील' या शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे. गावकुसाबाहेरच्या माणसाला कितीही वय झाले, तरी गावात त्याला वडीलकीचा मान मिळत नसे. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यालाही पाटलाच्या घरचे पोर एकेरी हाक मारी. चावडीवर न्यायनिवाडा चाले, तेव्हा तो दूर उभा राही. प्रेसबिटेरियन मंडळीचा नियम मात्र असा होता की, तिचे वडील तिच्या सभासदांतूनच निवडले जावेत. जेथे बहुसंख्य सभासद मातंग व महार समाजांतील, तेथे या नियमाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. स्कॉटलंडमध्ये हा नियम जमीनदाराच्या सत्तेविरुद्ध उभा राहिला होता. मराठवाड्याच्या मातीत तो जातीच्या उतरंडीसमोर उभा राहिला. बियाणे एकच असते, पण प्रत्येक जमिनीत त्याचा कस निराळा लागतो.

१८७३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे प्रॉटेस्टंट पंथांची एक मोठी जागतिक परिषद भरली. तिला नारायण शेषाद्री उपस्थित होते. देशी पोशाखातील, डोक्याला पागोटे बांधलेला हा हिंदी धर्मोपदेशक अस्खलित इंग्रजीत बोलताना पाहून तेथील लोकांना मोठे नवल वाटले. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, अशी समजूत तेव्हा आपल्याकडे होती आणि परदेशातही होती. नारायणरावांच्या पागोट्याने तिला न बोलता उत्तर दिले. श्रद्धा बदलली, तरी माणसाची भाषा, वेष आणि माती त्याची त्यालाच राहतात, असा त्यांच्या वागण्याचा अर्थ होता. त्याच काळात बाबा पदमनजी हे मराठीतील नामवंत ख्रिस्ती ग्रंथकार लेखणी चालवीत होते. विधवांच्या दुःखावर त्यांनी लिहिलेली 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीच्या अंगणात हीही माणसे आपलीच म्हणून वावरली.

१८९१ साली नारायण शेषाद्री यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे मंडळीचे काम चालू राहिले, परंतु तिच्या नावात मात्र काळाप्रमाणे बदल होत गेले. १९०४ साली भारतातील अनेक प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ साली त्यांचा आणि काँग्रिगेशनल पंथाचा मिळून उत्तर भारतात एक संयुक्त चर्च झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळी चर्च आपापली वेगळी नावे बाजूला ठेवून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या एका नावाखाली आली. जे चर्च १८४३ साली स्कॉटलंडमध्ये एका मुद्द्यावर दुभंगले होते, त्याच्या भारतातील शाखा अशा जुळत जुळत एका मोठ्या वृक्षाचा भाग बनल्या. जालनाही १९४८ साली निजामाच्या सत्तेतून मुक्त झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्यात आले आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण बनले.

बेथेलने जातिभेद नाहीसा केला, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. जात ही धर्मांतराच्या दारापाशी आपले जोडे काढून ठेवत नाही. ती पुष्कळदा पाठोपाठ आत येते. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांतही लग्नकार्याच्या वेळी जुन्या जाती आठवल्या जात असत. शिवाय नवे गाव वसविले म्हणून जुन्या गावाचे मन पालटत नाही. ज्या गावांनी आपली माणसे गावकुसाबाहेर ठेवली होती, त्यांनी ते गावकूस पाडावे, हे काम बाकीच राहते. त्यासाठी जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद खुला करावा लागला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि अखेरीस स्वतंत्र भारताच्या संविधानाला आपल्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करावे लागले. वाटा निरनिराळ्या होत्या. कोणी धर्म बदलला, कोणी कायदा बदलला, कोणी स्वतःचे घर उघडले. या सर्वांना भिडलेला प्रश्न मात्र एकच होता.

म्हणूनच एका लहान चर्चचा इतिहास हा केवळ त्या पंथाच्या माणसांनी वाचावयाचा इतिहास नव्हे. कोणत्याही गावात गेल्यावर तेथील देऊळ, मशीद, विहार किंवा चर्च यांच्या भिंतींकडे आपण पाहतो. कोणी बांधले, केव्हा बांधले, हे विचारतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. येथे आत कोण बसत होते आणि बाहेर कोण उभे होते? दगडांचे वय मोजता येते, पण वास्तूची खरी थोरवी या उत्तरात असते. बेथेल या शब्दाचा अर्थ देवाचे घर. ज्यांना माणसांनी आपल्या घराबाहेर ठेवले होते, त्यांनी हे नाव आपल्या गावाला लावले आणि त्या गावात ते कुणाचे तरी 'वडील' झाले. एवढी गोष्ट घडली म्हणूनही त्या लहान गावाची आठवण ठेवावी.